फिलिप्पैचा भूकंप लातुरात

मिशनचा जुना बंगला कोचिंग क्लासला भाड्याने द्यावा, असा ठराव कमिटीपुढे आला तेव्हा मी तावातावाने उभी राहिले आणि म्हणाले की तो बंगला तरुणांसाठी आहे. हे मी बोलायला नको होतं. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, चिटणीस आनंदराज यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "कुठल्या तरुणांसाठी, एस्तेरबाई?"

त्या बंगल्यात तेव्हा पाय मोडलेले बाक होते, भाता फाटलेली पेटी होती आणि वटवाघळं होती. वटवाघळांच्या वयाची मला कल्पना नाही, पण ती काही उपासनेला येत नसत. कमिटी हसली. पाळकसाहेब हसले नाहीत, ते छताकडे बघू लागले. हसू आवरायचं असलं की आमचे पाळकसाहेब नेहमी वरच बघत.

भूकंप होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. तिकडे किल्लारीच्या बाजूला नवी गावं उभी राहत होती आणि इकडे लातुरात क्लासेस. बोर्डाच्या यादीत लातूरची पोरं वर दिसू लागली, तशी ज्याच्या घरी एक खोली रिकामी त्याच्या दारावर पाटी चढली. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या माडीवर जीवशास्त्र चालायचं. बेडकाचं हृदय शिकून पोरं खाली उतरायची ती पांढरीफटक होऊन. बाहेरगावचे लोक त्यांना बघून म्हणायचे, किती अभ्यास करून राहिलेत बिचारे. ते ज्वारीचं पीठ असायचं.

बंगला मागत होते गुरुपादप्पा सर. फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही शिकवायचे. कपाळाला भस्म, पांढरा सदरा, बोलणं मऊ. वाईट माणूस असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं. पण त्यांनी कधी आवाज चढवला नाही, गरिबाच्या पोराकडून फी घेतली नाही, आणि मला भेटले की आधी तब्येत विचारायचे. अशा माणसाशी वैर करायला फार मेहनत पडते.

आणि मला वैर करणं भाग होतं. माझी आई गेल्यावर बापाने मला त्याच बंगल्यात आणून सोडलं होतं. पोलीस ॲक्शनच्या आधीची गोष्ट, निजामाचं राज्य होतं. वाचायला मी तिथे शिकले, प्रार्थना करायला तिथे, भाकरी थापायलाही तिथेच. पुढे शिक्षिका होऊन निवृत्त झाले, तरी रविवारी त्याच बंगल्याच्या हॉलमध्ये पोरांचा वर्ग घेतच होते. अलीकडे पोरंच येत नव्हती, एवढाच फरक. तो हॉल गेला असता तर माझं माहेर गेलं असतं. पण हे काही कमिटीत बोलता येत नाही. कमिटीत फक्त दुरुस्तीबद्दल बोलता येतं.

शेवटी पाळकसाहेबांनी छतावरून नजर खाली आणली आणि तोड काढली. मे महिन्यात मी बंगल्यात तरुणांचं विश्वास-शिबिर घ्यावं. शेवटच्या दिवशी वरचे साहेब, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांवर देखरेख करणारे आमचे डी. एस. साहेब, साक्षी ऐकायला येतील. साक्ष म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्यात शिबिर संपताना मुलाने मंडळीसमोर उभं राहून, देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते आपल्या तोंडाने सांगायचं असतं. मुलांच्या साक्षी चांगल्या झाल्या तर बंगला तरुणांचा. नाही झाल्या तर जूनमध्ये किल्ली सरांना.

मी हो म्हटलं. मला वाटलं, मुलं गोळा करायला काय लागतं.

मुलं गोळा करायला आईबाप लागतात, हे मी विसरले होते. घरोघर फिरले. सगळीकडे मला चहा मिळाला, मूल कुठेच मिळालं नाही. कुणाची व्हेकेशन बॅच होती, कुणाची टेस्ट, कुणी नांदेडला मामाकडे क्लासला गेलेला. ज्या बाईला मी स्वतः बाराखडी शिकवली होती, तिने दार अर्धंच उघडून सांगितलं, "बाई, देव बारा महिने हाय. बारावी एकदाच असती."

तेव्हा मी पहिली माघार घेतली. म्हटलं, शिबिरात रोज दोन तास अभ्यासाला देऊ. लगेच मुलं मिळू लागली. मग आया म्हणाल्या, नुसता अभ्यास कशाचा, अडलं तर सांगणार कोण? मी म्हटलं, बघते. दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पा सर दारात. हात जोडून म्हणाले, बाई, ऐकलं की मुलांना अडचण आहे, मी येत जाईन, पैसे नकोत, सकाळची प्रार्थना आपली, त्यानंतरचं रसायन माझं. नाही म्हणावं तर मुलं जातात, हो म्हणावं तर बंगला वाचवायच्या शिबिरात बंगला मागणाराच शिकवायला बसतो. मी हो म्हटलं. शिकवताना ते हॉलभर मोठी मोठी पावलं टाकत फिरायचे. मला वाटायचं, काय तळमळ आहे माणसाला शिकवण्याची. नंतर लक्षात आलं, ते बाक किती बसतील ते मोजत होते.

मग परवाना. गाण्यांसाठी लाउडस्पीकर लावायचा होता म्हणून मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने विचारलं, कशाचं शिबिर? मी म्हटलं, विश्वासाचं. त्याने पेन हवेत धरून बराच विचार केला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, की इथे रक्तदान बसतं, नसबंदी बसते, नेत्र बसतं, विश्वास कुठे बसत नाही. मी म्हटलं, काहीही लिहा पण शिक्का द्या. उन्हातून आले होते, पायाला चटके बसत होते. त्याने 'नेत्र' लिहिलं आणि शिक्का दिला. मी मनात म्हटलं, तसं चूक नाही, डोळे उघडण्याचंच तर काम आहे. या समाधानात मी घरी आले.

हवालदार मात्र स्वतः लिहिलेल्यावर विश्वास ठेवणारा निघाला. शिबिराच्या पहिल्याच सकाळी त्याने जळकोटहून आपल्या सासूला बोलावून घेतलं आणि बंगल्याच्या ओसरीवर आणून बसवलं. सरजाबाई त्यांचं नाव. डोळ्यात मोतीबिंदू, हातात गाठोडं. मी त्यांना जवळ बसून समजावलं, की मावशी, इथे डॉक्टर येणार नाही, हे शिबिर विश्वासाचं आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आसू द्या की," त्या म्हणाल्या. "इस्वासाचं तर इस्वासाचं. बघा डोळा." आणि पापणी वर करून बसल्या. जेवण झाल्यावर जातील म्हणून जेवू घातलं. जेवण त्यांना आवडलं. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या.

आता मुलांबद्दल. मुलं गुणी होती, तक्रार नाही. पण अकरावी-बारावीची ही मुलं कुठलीही गोष्ट मार्कांच्या हिशेबात ऐकायची. पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'विश्वास म्हणजे काय?' आणि पुढे झुकून वाट बघू लागले. शमुवेल नावाचा चष्म्याचा मुलगा होता, हुशार. त्याने बोट वर केलं. मला वाटलं, आलं उत्तर. त्याने विचारलं, "बाई, हे किती मार्कांना येतंय?"

आणि सुवार्ता. ही खुद्द चिटणीस आनंदरावांची, म्हणजे आनंदराजांची मुलगी. गल्लीत सगळे त्यांना आनंदरावच म्हणायचे. आपण शिबिर बुडवलं असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी तिला स्वतः हाताला धरून आणून सोडलं. मी खूश. सुवार्ता हॉलमध्ये आली, भिंतीला टेकली आणि झोपली. सृष्टीच्या उत्पत्तीला झोपली. जलप्रलयात सगळं जग बुडालं, ही हलली नाही. मी चाळीस वर्षं शिकवलं, माझ्या वर्गात कुणाची जांभई द्यायची टाप नव्हती. तिला हलवून उठवलं तर ती माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने बघून म्हणाली, की बाई, इथं लई छान झोप येते. घरी पहाटे चारला तिचे वडील पाण्याचा तांब्या घेऊन उशाशी उभे असायचे, पुस्तकावर मान पडली की तोंडावर पाणी. हे ऐकून मला वाईट वाटलं, पण फार नाही. वाईट वाटायला माझा स्वतःचा अपमान जरा बाजूला सरायला हवा होता.

दिवस जात होते आणि साक्षीची तयारी शून्य. मुलांना विचारलं, देवाने तुमच्यासाठी काय केलं, तर ती म्हणत, निकाल लागू द्या, मग सांगतो. मी रोज संध्याकाळी डोकं धरून ओसरीवर बसायची. पलीकडच्या घरातल्या जन्नतबी, आमचा चाळीस वर्षांचा शेजार, कुंपणावरून बघत असत. एक दिवस त्या पुदिन्याची जुडी घेऊन आल्या आणि माझ्याजवळ बसून सल्ला दिला, की आपा, पोरांना प्रवचन देऊन उपयोग नाही, आमच्या मौलवीसाबांच्या वाजलाही पोरं पेंगतात. त्यांना खेळ द्या, नाटक द्या, हातपाय हलवू द्या. आमच्या लालमहंमदचा मंडप आहे, माइक आहे, तो लावून देईल.

लालमहंमद त्यांचा मुलगा. लातुरातल्या निम्म्या लग्नांमध्ये त्याचा माइक शिट्ट्या मारायचा.

मला तो सल्ला इतका पटला की रात्रीत नाटक लिहून काढलं. पौल आणि सीला या दोघा प्रेषितांना फिलिप्पै शहरात बंदिशाळेत टाकलं होतं. बेड्या घातलेल्या, तरी ते गाणी म्हणत होते. तेवढ्यात मोठा भूकंप झाला, दारं उघडली, बेड्या गळून पडल्या. बंदिशाळेच्या नायकाला वाटलं, सगळे कैदी पळाले, आता आपलं मरण आलं. तेव्हा पौल अंधारातून ओरडून सांगतो, घाबरू नको, आम्ही सगळे इथेच आहोत. विश्वास म्हणजे काय ते याहून सोपं करून सांगता येणार नाही. दारं उघडी आहेत आणि कुणी पळालं नाही. आणि मी म्हटलं, भूकंप म्हणजे काय ते लातूरच्या पोरांना वेगळं शिकवायला नको.

एवढं डोकं चालवलं मी. त्याच्या पुढे एक पाऊल चालवलं असतं तर बरं झालं असतं.

मुलांमध्ये एकदम जीव आला. शमुवेल पौल झाला. मुली जास्त असल्यामुळे सीला एक मुलगी झाली, तिला मी दाढी लावू दिली नाही. नायकाचं काम फुटक्या आवाजाच्या एका मुलाला दिलं, तो भीतीने ओरडला की ऐकणाऱ्यालाच भीती वाटायची. सुवार्तेला मी कैद्याचं काम दिलं, तेही झोपलेल्या.

भूकंप कसा करायचा हा प्रश्न होता. मी पत्रा हलवायचं ठरवलं होतं. पण गुरुपादप्पा सरांनी ऐकलं आणि त्यांच्यातला शास्त्रज्ञ दुखावला. ते म्हणाले, बाई, भूकंप असा येत नाही. आधी एक लाट येते, तिचा नुसता खोल आवाज, जमिनीच्या पोटातून. मग क्षणभर थांबून दुसरी, ती हलवते. किल्लारीच्या लोकांनी वर्षभर आधीपासून तो गुरगुराट ऐकला होता, तसाच झाला पाहिजे. नळाला पाणी नव्हतं म्हणून आमची पिंपं रिकामीच होती. सरांनी स्वतः धोतर खोचून लोखंडी पिंप ओसरीच्या फरशीवर हळूहळू लोळवून दाखवलं. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, सर, अगदी तसाच. ते लाजले आणि म्हणाले, थोडा ओल्या वाळूचा थर टाकला तर अजून खरा होईल. आम्ही वाळू टाकली. जगात कुठल्याही शिबिराने एवढ्या शास्त्रशुद्ध पद्धतीने स्वतःचं नुकसान केलेलं नसेल.

साक्षींच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, रंगीत तालीम ठेवली. लालमहंमदने कर्णा बंगल्याच्या छपरावर बांधला, एक माइक स्टेजवर ठेवला, दुसरा पिंपाशेजारी, आणि आवाज तपासून तो नमाजला गेला. जाताना बटण बंद करायचं राहिलं. आम्हाला वाटलं, माइक तालमीपुरता आतच चालतो.

पौल आणि सीला गायले. ते गल्लीने ऐकलं असणार, पण शिबिराची गाणी म्हणून सोडून दिलं. मग सरांनी पिंप लोळवलं.

मला अजून आठवतं, तो आवाज छपरावरून गेला. गिरणी थांबली. कुत्री भुंकायला लागली. मग दुसरी लाट आली, म्हणजे सरांनी पिंप खांबावर आदळलं, आणि नायक त्या फुटक्या आवाजात कर्ण्यातून अख्ख्या गल्लीला ओरडून सांगता झाला, की भूकंप झाला, भूकंप झाला, दारं उघडली, पळा. आता पौलाने म्हणायचं होतं, कुणी पळू नका. शमुवेलने तोंड उघडलं आणि लाइट गेली. लातुरात लाइट कधी जाईल याला काही नेम नसे, पण इतक्या अचूक जागी ती मी पहिल्यांदा जाताना पाहिली. गल्लीला 'पळा' ऐकू गेलं. 'पळू नका' पौलाच्या तोंडातच राहिलं.

यानंतरचं सांगायला मला संकोच वाटतो. गल्ली पळाली, ते साहजिक होतं. भूकंपाच्या रात्री लातूरही हललं होतं, आम्ही सगळे कित्येक महिने अंगणात झोपलो होतो, आणि त्यानंतर आमच्या इथे माणसाचं डोकं विचार करायच्या आत त्याचे पाय बाहेर पडायचे. लोक भांडी सोडून, ताटं सोडून, लेकरं काखोटीला मारून मोकळ्या जागेकडे धावले, आणि गल्लीत मोकळी जागा एकच होती, आमच्या बंगल्याचं पटांगण. तो लोंढा 'भूकंप, भूकंप' करत आमच्याकडे येताना आत ऐकू आला. तो ऐकून माझी मुलं पळाली. गुरुपादप्पा सरांनी ज्या पिंपाने भूकंप केला, त्या पिंपावरून उडी मारून ते पळाले.

आणि मीही पळाले. नाटक मी लिहिलं होतं. भूकंप माझ्या सहीचा होता. तरी मला अंधारात एकच वाटलं, की आम्ही खोटा करत असताना नेमका खरा आला. चाळीस वर्षं पोरांना विश्वास शिकवणारी बाई पायातली चप्पल टाकून पटांगणात उभी होती. डोळ्याला काही दिसत नाही म्हणणाऱ्या सरजाबाई माझ्या आधी पोचल्या होत्या.

मग मी मुलं बघितली. पौल होता, सीला होती, नायक रडत होता. तेवढ्यात समोरच्या घरातून आनंदराव धावत आले, बनियनवर, हातात दाढीचा ब्रश. त्यांनी मुलांच्या घोळक्यात बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाले, "सुवार्ता?"

सुवार्ता नव्हती. तालीम सुरू व्हायच्या आधीच ती मागच्या कोठीत चटयांच्या गुंडाळ्यांमागे जाऊन झोपली होती. ती कोठी बंगल्यातली सगळ्यांत वाईट खोली. भूकंपानंतर सरकारी इंजिनिअर येऊन तिच्या भिंतीवर टकटक करून गेला होता, तांबड्या रंगाचा गोल काढून, काही न बोलता. मी कोठीकडे बोट दाखवलं. आनंदराव एक पाऊल पुढे गेले आणि तिथेच मातीत बसले. भूकंपानंतर मदतीसाठी ते किल्लारीला होते, त्यांच्या कार्यालयाने पाठवलं होतं. तिथे दगडांखालून काय काय काढलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी आत गेले. कुणी मला शूर समजू नये. मी चिडले होते. उत्पत्तीला झोपली, प्रलयाला झोपली, आता ही मुलगी माझ्या डोळ्यांदेखत भूकंपातही झोपणार, आणि उद्या साहेब येणार, हेच माझ्या डोक्यात होतं. अंधारात भिंतीला धरून चालले. मघाशी पिंप आदळलं होतं त्यामुळे चुना भुरभुर पडत होता, माझ्या डोक्यावर, डोळ्यांत. मला वाटलं, आलं सगळं खाली. चटयांमागे हात घातला, एक पाय लागला, मग कान लागला. कान धरला. ती म्हणाली, बाई, पाच मिनिटं.

तिला घेऊन मी बाहेर आले तेव्हा पटांगणात लालमहंमद उभा होता, टोपी हातात, घाम फुटलेला. त्याने सगळ्यांसमोर, अगदी अदबीने सांगितलं, "आपा, जलजला न्हवता. तुमचा डिरामा होता."

अख्खी गल्ली वळून माझ्याकडे बघू लागली. माझ्या केसांत चुना, हातात सुवार्तेचा कान. तो मी सोडायचा विसरले होते. जन्नतबींनी, ज्यांनी नाटक सुचवलं होतं त्या जन्नतबींनी, कपाळावर हात मारून म्हटलं, की मी खेळ द्या म्हटलं होतं आपा, कयामत नव्हे. हवालदार आला. त्याने विचारलं की नेत्र शिबिरात भूकंप कसा झाला. गिरणीवाल्याचं दळण सांडलं होतं, कुणाची भाजी करपली होती, एकीचं दूध उतू गेलं होतं, आणि या सगळ्याचा जाब मला विचारायला रांग लागली. भूकंप नव्हता हे कळूनही निम्मे लोक घरी जायला तयार नव्हते. आता उठलोच आहोत तर आज इथेच झोपतो, म्हणाले, आणि सतरंज्या घेऊन आले. पटांगण भरलं. इतके लोक त्या बंगल्यात मी लहानपणानंतर पाहिले नव्हते, आणि सगळे माझ्यावर रागावलेले.

दुसऱ्या दिवशी डी. एस. साहेब आले. कमिटी पुढच्या बाकांवर. आनंदराव टोकाला, हजामत अर्धीच राहिलेली, माझ्याकडे न बघता. गुरुपादप्पा सर दाराशी उभे, पायाला पट्टी. कमिटीतल्या कुजबुजीचे तुकडे माझ्यापर्यंत येत होते. पोलीस केस, मंडळीची अब्रू, वय झालं बाईंचं. वय झालं, हे दोनदा ऐकू आलं.

साक्षी सुरू झाल्या. शमुवेल उठला आणि म्हणाला, की देवाच्या कृपेने मला या शिबिरात ऑरगॅनिक केमिस्ट्री समजली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. नायक म्हणाला, भूकंपाच्या दोन लाटा असतात हे मला कळलं, त्याबद्दल प्रभूची स्तुती. सीला म्हणाली, की मला वाईट वाटतं, आम्ही पौलासारखं थांबलो नाही, सगळेच पळालो. मग जरा थांबून, "बाईसुद्धा," असं म्हणून खाली बसली. खरं बोलायला मीच शिकवलं होतं. मी जमिनीकडे बघत बसले. बंगला गेला होता.

मग सुवार्ता उठली. पूर्ण जागी होती, शिबिरात पहिल्यांदाच. तिने सांगितलं, की मी झोपले होते, सगळे पळाले, मला कुणी उठवलं नाही. मग बाई आत आल्या. भूकंप खोटा आहे हे बाईंना तेव्हा माहीत नव्हतं. त्यांच्या अंगावर चुना पडत होता. एवढं बोलून ती थांबली.

साहेब कनवाळू होते. साक्षीला योग्य वळण द्यावं म्हणून त्यांनी विचारलं, "आणि बेटा, बाईंनी तुझ्याजवळ येऊन कुठली प्रार्थना केली?"

"प्रार्थना न्हाई केली," सुवार्ता म्हणाली. "माझा कान धरला."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मी डोळे मिटून घेतले.

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ऊठ गं मेले. तू उठल्याशिवाय मी इथून हलणार न्हाई."

मला म्हणायचं होतं की 'मेले' हा शब्द मी वापरला नाही, निदान मला तसा आठवत नाही, साहेबांसमोर असं बोलल्याचं कुणी लिहून ठेवू नये. पण मी तोंड उघडायच्या आत आनंदराव उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. दोनदा केला. म्हणाले, ठराव माझा होता, मी तो मागे घेतो.

कमिटीतल्या कुणीतरी विचारलं, की इतिवृत्तात कारण काय लिहायचं, इमारत धोकादायक असं लिहायचं का? दाराशी गुरुपादप्पा सरांनी मान खाली घातली होती. आनंदरावांनी मुलीकडे बघितलं. तिचा कान अजून लाल होता.

"लिहा," ते म्हणाले, "बंगला रिकामा नाही."